बौद्ध देशातली जात : कोलंबो ते दोंद्रा, किनाऱ्याच्या रस्त्याने

"बौद्ध देशात जात असते का?" हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. त्यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर भाविकाचं : "जिथे बुद्ध तिथे जात कशी असेल?" दुसरं उत्तर विरोधकाचं : "बघा, श्रीलंकेतसुद्धा जात आहे, म्हणजे धर्म बदलून काही होत नाही." पहिलं उत्तर देणाऱ्याने श्रीलंका पाहिलेली नसते. दुसरं देणाऱ्यानेही पाहिलेली नसते. त्याला फक्त आमची दीक्षा खोटी ठरवायची असते.

मे १९५० मध्ये बाबासाहेब माईसाहेबांसह श्रीलंकेला गेले. जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना तेव्हाच तिथे झाली. बौद्ध धम्म तिथल्या लोकांच्या जगण्यात किती जिवंत आहे, हे बाबासाहेबांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. कोलंबोच्या सभेत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचं आवाहन केलं. जरा थांबून विचार करा. बौद्ध बहुसंख्य असलेल्या देशात जाऊन बाबासाहेब अस्पृश्यांशी बोलत होते, म्हणजे तिथे अस्पृश्य होते आणि ते बाबासाहेबांना दिसले होते. ज्याला पाहायचं असतं त्याला दिसतं.

आम्ही चौघे, तीन भाऊ आणि एक ताई, वेसाकच्या आठवड्यात श्रीलंकेत होतो. वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. अनुराधपूर, कँडी, दंतधातूचं विहार हा धम्मसहलींचा नेहमीचा मार्ग आम्ही मुद्दाम सोडला. भाड्याची व्हॅन केली आणि कोलंबोपासून दक्षिणेच्या टोकापर्यंत समुद्राच्या कडेकडेने निघालो. त्या देशात जातीविरुद्धचा एक जुना लढा याच किनाऱ्यावर झाला आहे, हे वाचलं होतं. तो पाहायचा होता.

गॉलपर्यंत आता द्रुतगती महामार्ग आहे. तो आतल्या बाजूने जातो आणि निम्म्या वेळात पोहोचवतो. पण त्यावरून माणसं दिसत नाहीत. जुना रस्ता कोलंबोच्या गॉल फेस मैदानापासून सुरू होतो. २०२२ मध्ये याच मैदानात तरुणांनी तंबू ठोकून महिनोन् महिने आंदोलन केलं आणि राष्ट्राध्यक्षाला देश सोडून पळावं लागलं. आता तिथे संध्याकाळी मुलं पतंग उडवतात, गाड्यांवर कोळंबीचे वडे मिळतात. मैदान संपलं की रस्ता, रेल्वे आणि समुद्र असे तिघे बरोबरीने दक्षिणेकडे निघतात. काही ठिकाणी रूळ पाण्याच्या इतके जवळ आहेत की लाटेचे शिंतोडे डब्यात येत असावेत.

आमचे चालक पंचावन्नच्या आसपासचे. सिंहलीत थोरल्या भावाला 'अय्या' म्हणतात, तसं आम्ही त्यांना म्हणू लागलो. ते आम्हाला 'मल्ली', म्हणजे धाकटा भाऊ, आणि ताईला 'नंगी' म्हणायचे. पहिल्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा त्यांनी ताटाकडे बोट दाखवून सांगितलं, "बत." आम्ही म्हणालो, "भात." ते हसले. मग खेळच सुरू झाला. गावाला गम, हाताला अत, सातला हत, आठला अट. दुधात शिजवलेला भात म्हणजे किरिबत, आपला क्षीरभात. आभार मानायचे तर 'इस्तुति'. इतक्या दूर समुद्रापलीकडे आपल्या भाषेची सख्खी मावसबहीण भेटावी तसं वाटलं. पालीशी आपलं नातं पुस्तकातून सांगावं लागतं. इथे ते ताटात वाढलेलं होतं.

वेसाकच्या आठवड्यात या रस्त्यावरून उपाशी जाणं अशक्य आहे. दर मैल-दोन मैलांवर 'दन्सल' लागते. दन्सल म्हणजे दानशाला. तरुण पोरं रस्त्याच्या मधोमध उभी राहून, झेंडे हलवून गाड्या अडवतात आणि खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. कुठे भात-आमटी, कुठे उकडलेले हरभरे, कुठे सरबत, कुठे चक्क आइस्क्रीम. जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत, पैसे तर घेतच नाहीत. घराघरावर कागदाचे कंदील, चौकाचौकात जातककथांची चित्रं असलेली दिव्यांची प्रचंड तोरणं. त्यांनाही ते 'तोरण'च म्हणतात. पांढरी वस्त्रं नेसलेल्या बायाबापड्या दिवसभर विहारात आठ शीलं पाळून बसलेल्या. दारूची आणि मांसाची दुकानं बंद. आमच्याकडे १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला पाण्याचे, जेवणाचे स्टॉल लागतात, त्याची आठवण आली. फरक एकच. आपल्या स्टॉलवर बहुतेक आपलेच लोक जेवतात, आणि शेजारच्या वस्तीतून जाणारा डीजेच्या आवाजाला नाकं मुरडत जातो. इथे अख्खा रस्ता जेवत होता.

आणि सगळीकडे तो पाच रंगांचा झेंडा. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. आपल्या प्रत्येक विहारावर, प्रत्येक मिरवणुकीत असतो तोच. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की हा झेंडा अशोकाच्या काळापासून चालत आला असावा. तसं नाही. तो १८८५ साली कोलंबोच्या एका समितीने तयार केला आणि त्याच वर्षीच्या वेसाकला पहिल्यांदा फडकवला. ब्रिटिशांनी वेसाकची सुट्टी मान्य केली, तिच्या विजयाचा तो झेंडा होता. म्हणजे आपण खांद्यावर घेतो तो झेंडा जन्मापासूनच चळवळीचा आहे.

ज्या भिक्षूंनी तो पहिल्यांदा फडकवला ते मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर. त्यांची गोष्ट पानदुरा गावात कळते. ऑगस्ट १८७३ मध्ये तिथे मिशनऱ्यांशी त्यांचा जाहीर वादविवाद झाला. हजारो लोक ऐकायला जमले होते. सत्ता मिशनऱ्यांच्या बाजूची, शाळा त्यांच्या, छापखाने त्यांचे. हा भिक्षू मात्र मंचावर उभा राहून तर्काने बोलला आणि लोकांच्या मनातली भीती गेली. त्या वादाचा छापील वृत्तान्त अमेरिकेत कर्नल ऑल्कॉट यांच्या वाचनात आला. मे १८८० मध्ये ते गॉलला उतरले आणि तिथल्या विहारात त्यांनी पंचशील घेतलं. पुढे बौद्ध शाळांची चळवळ उभी राहिली. एका गावातला वाद साता समुद्रापार गेला. वादविवाद हे दुबळ्याचं हत्यार आहे, असं आम्ही म्हणतो ते उगाच नाही.

गुणानंद थेर अमरपुर निकायाचे होते. हे नाव लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडेच निघालो आहोत.

पण त्याआधी वाटेत बेरुवला आणि अलुत्गम लागतं. बेरुवला ही बेटावरच्या मुस्लिमांच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. समुद्रात घुसलेल्या खडकावर पांढरीशुभ्र मशीद आहे. जून २०१४ मध्ये याच पट्ट्यात बोदु बल सेना नावाच्या संघटनेच्या सभेनंतर मुस्लिमांची घरं, दुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली. बोदु बल म्हणजे बौद्ध शक्ती. सभेत भडकावणारे चीवरधारी होते. आम्ही एका मुस्लिम काकांच्या चहाच्या टपरीवर थांबलो. बिनदुधाचा चहा आणि गुळाचा खडा. २०१४ चा विषय आम्ही काढला नाही, त्यांनीच विचारलं, "कुठून आलात?" आम्ही भारतातले बौद्ध आहोत म्हणालो. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "भारतात बौद्ध कमी आहेत ना? मग तुम्हाला कळेल."

त्या वाक्यावर आम्ही गॉलपर्यंत बोलत होतो. १९५६ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. श्रीलंकेत बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाचा उत्सव चालू असताना 'फक्त सिंहली' हा भाषेचा कायदा झाला आणि तमिळ माणूस आपल्याच देशात परका झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अस्पृश्यांना धम्माची दीक्षा दिली. तिकडे बहुसंख्याकांच्या हातात बुद्ध हा सत्तेचा शिक्का झाला. इकडे सर्वांत तळातल्या माणसाच्या हातात तो मुक्तीचा मार्ग झाला. ज्या पंतप्रधानांनी तो कायदा आणला, त्या बंदारनायकांना १९५९ मध्ये एका भिक्षूनेच गोळ्या घातल्या. आपला धम्म कोणत्या बाजूचा आहे, हे झेंड्यावरून ठरत नाही. तो कोणाच्या दारात उभा आहे, त्यावरून ठरतं.

अलुत्गमच्या पुढे बालपिटिया. मादू गंगा नावाची नदी इथे खाडीसारखी पसरून समुद्राला मिळते. पर्यटक इथे होडीतून कांदळवन पाहायला येतात. मधल्या एका बेटावर दालचिनी सोलून दाखवतात. म्हातारीने पितळेच्या दांड्याने फांदी घासली, सुरीने चीर दिली आणि साल अशी अलगद सोडवली की जणू हातमोजा काढावा. पर्यटक टाळ्या वाजवतात, पुड्या विकत घेतात आणि निघतात.

त्या सालीत इतिहास आहे. दालचिनी सोलणाऱ्यांची जात सालागम. डचांच्या राज्यात या लोकांकडून दालचिनी वेठीने काढून घेतली जाई, आणि परवानगीशिवाय ती विकणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. जगाच्या स्वयंपाकघरांना सुगंध देणाऱ्यांची ही अवस्था.

आता धम्माकडे या. अठराव्या शतकात श्रीलंकेत उपसंपदा झालेला भिक्षूच उरला नव्हता. १७५३ मध्ये कँडीच्या राजाने सयाममधून उपाली थेरांना बोलावलं आणि भिक्षुसंघ पुन्हा उभा केला. तो सयाम निकाय. पण अवघ्या अकरा वर्षांत, १७६४ मध्ये, नियम झाला की उपसंपदा फक्त गोविगम जातीच्या मुलालाच मिळेल. गोविगम म्हणजे शेतकरी, तिथली वरची आणि बहुसंख्य जात. सिंहली समाजात ब्राह्मण नाहीत, तरीही जात आहे. सिंहासनावर राजा बसला, जमिनी विहारांना मिळाल्या, आणि जमिनीसोबत जात विहारात शिरली. ज्या संघात न्हावी उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली होती, त्याच संघाच्या दारावर जातीचा पहारा बसला.

मग या किनाऱ्यावरच्या माणसांनी काय केलं? इथल्याच वेलितर गावचे एक सालागम श्रामणेर, वेलितोट ञाणविमलतिस्स, १७९९ मध्ये काही सोबत्यांसह जहाजात बसले आणि ब्रह्मदेशात अमरपुरला गेले. ती तेव्हा ब्रह्मदेशाची राजधानी होती. तिथे त्यांनी १८०० मध्ये उपसंपदा घेतली, ब्रह्मी भिक्षूंना सोबत घेऊन परत आले, आणि १८०३ च्या वेसाक पौर्णिमेला याच मादू गंगेच्या पाण्यावर पहिली उपसंपदा केली. पाण्यावर का? विनयात 'उदकुक्खेप सीमा' आहे. वाहत्या पाण्यावर बांधलेली सीमा. जमिनीवर सीमा बांधायची तर जमीन कोणाची, राजाची परवानगी कोणाची, हे प्रश्न येतात. पाणी कोणाच्या मालकीचं नसतं.

होडीत बसून हे ऐकताना आमच्यातली ताई म्हणाली, "महाड." दुसरं काही बोलायची गरजच नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, कारण पाणी आमच्या स्पर्शाने बाटतं असं सांगितलं जात होतं. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी इथे खालच्या ठरवलेल्या जातीची माणसं पाण्यावर उभी राहिली, कारण जमिनीवर त्यांना भिक्षू होऊ दिलं जात नव्हतं. दोघांनीही देवळाच्या पायरीवर बसून 'आत घ्या' अशी विनवणी केली नाही.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर आम्ही फुलं वाहून परतलो असतो. पण पुढे काय झालं तेही ऐका. अमरपुर निकाय उभा राहिला, किनाऱ्यावरच्या तीन जाती, सालागम, करावा म्हणजे कोळी, आणि दुरावा म्हणजे माडी काढणारे, त्यात आल्या. काही वर्षांतच त्याच्या शाखा झाल्या, आणि शाखा बऱ्याचशा जातीवरच पडल्या. सालागमांची वेगळी, कराव्यांची वेगळी, दुराव्यांची वेगळी. जातीविरुद्ध बंड करून निघालेल्यांनी आपापली जात सोबत नेली. ढोल वाजवणारे बेरव, धोबी आणि ज्यांची सावलीही नको असे रोडी हे त्यांच्याही मागेच राहिले. १८६४ मध्ये रामञ्ञ निकाय निघाला, तो साधेपणाचा आणि विनयाचा आग्रह धरून. २०१९ मध्ये अमरपुर आणि रामञ्ञ एकत्र आले, ही चांगली गोष्ट. पण कँडीच्या मुख्य पीठांमध्ये उपसंपदेचा जुना निर्बंध अजून टिकून आहे.

बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. वरच्याची लाथ झुगारायची, पण खालच्यावरचा आपला पाय काढायचा नाही.

रात्री मुक्कामाला आम्ही अय्यांना सरळ विचारलं, "तुमच्याकडे जात आहे का?" ते हसून म्हणाले, "नाही, नाही. आता कोण विचारतो?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "लग्नात विचारतात." दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्राचं पान उघडून दाखवलं. स्थळांच्या जाहिराती. प्रत्येक जाहिरातीच्या सुरुवातीला दोन अक्षरं. जी बी, म्हणजे गोवि बौद्ध. के बी, म्हणजे करावा बौद्ध. एखाद-दुसरीत 'जातीची अट नाही' असंही होतं. आमच्यातल्या एकाने मोबाईल काढला आणि आपल्याकडच्या बौद्ध वधू-वर परिचयाच्या गटातले बायोडाटे दाखवले. त्यात 'पोटजात' असा रकाना होता. सोमवंशी. बावणे. लाडवण. अय्यांनी विचारलं, "हे काय?" आम्ही अर्थ सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे तुमचंही जी बी आहे."

त्या विरोधकाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. धर्म बदलून काही होत नाही, हे खोटं. धर्म बदलला म्हणून आपण महारकी सोडली, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, देव्हारे विसर्जित केले, शिकलो. पण धर्म बदलला की जात आपोआप मरते, हेही खोटं. जात लग्नाच्या दाराशी दबा धरून बसते. जातिअंताचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं आहे. त्या रकान्याचं काय करायचं, ते आपल्या हातात आहे. त्यासाठी कोणा मनुवाद्याची परवानगी लागत नाही.

बालपिटियाच्या पुढे अंबलनगोडा. लाकडी मुखवट्यांसाठी प्रसिद्ध. या किनाऱ्यावर भूतबाधा काढण्याचे रात्रभराचे विधी होतात, त्यात ढोल आणि नाच बेरवांचा. विहाराच्या उत्सवातही ढोल त्यांचाच. पर्यटक त्याला कला म्हणतात. कला आहेच. पण ती ज्याला पिढ्यानपिढ्या सक्तीने करावी लागली त्याच्यासाठी ती काय होती, हे हलगी खाली ठेवलेल्या माणसाला विचारा.

याच अंबलनगोड्याजवळ सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगर १८८४ मध्ये जन्मले. शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी १९४५ पासून बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतचं शिक्षण मोफत केलं आणि खेड्यापाड्यांत मध्यवर्ती शाळा उभ्या केल्या. देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. शिवाय १९३१ पासूनच तिथे प्रौढांना, स्त्रियांनाही, मतदानाचा हक्क होता. बाबासाहेब सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागत होते, त्यानंतर तीनच वर्षांत शेजारच्या बेटाला तो मिळाला. आम्हाला १९५० पर्यंत थांबावं लागलं. रस्त्यावर सकाळी साडेसातला पांढऱ्या गणवेशातल्या मुली रांगेने शाळेत जाताना दिसतात. कोळ्याची पोर, वकिलाची पोर, गणवेश तोच. एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला सांगितलं, "माझे वडील नारळाच्या काथ्याचे दोर वळायचे. आम्ही पाच बहिणी, पाचही शिकलो." भिक्षूंनी जे केलं नाही ते शाळेने केलं. पण हाही हिशेब पुरा मांडला पाहिजे. चहामळ्यांत राबायला तमिळनाडूतून नेलेल्या मजुरांचं, ज्यांत मोठा भाग आपल्याच दलित भावंडांचा होता, नागरिकत्व १९४८ च्या कायद्याने काढून घेतलं गेलं. स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वर्षी लाखो लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत.

पुढे हिक्कडुवा. परदेशी पाहुणे, सर्फिंगच्या फळ्या, महागडी हॉटेलं. आम्हाला मात्र हे गाव हिक्कडुवे सुमंगल थेरांमुळे माहीत होतं. कोलंबोत विद्योदय परिवेण त्यांनीच स्थापन केलं. १८९८ मध्ये मद्रासचे पंडित अयोथी दास तिथे गेले, दीक्षा घेतली आणि परतून शाक्य बौद्ध संघ उभारला. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध आहेत, असं ते बाबासाहेबांच्या कितीतरी आधी मांडत होते. नागपूरच्या ५८ वर्षं आधी एक तमिळ दलित हा समुद्र ओलांडून धम्मासाठी आला होता. आपल्या किती तरुणांना हे नाव माहीत आहे?

हिक्कडुव्याच्या अलीकडेच पेरलिया लागलं होतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे रुळांवर उभी असलेली प्रवासी गाडी लाटेने उचलून फेकली. हजाराहून अधिक माणसं गेली. आता तिथे जपानी बौद्धांच्या मदतीने उभारलेली बुद्धमूर्ती आहे, २००१ मध्ये तालिबानने फोडलेल्या बामियानच्या बुद्धासारखी घडवलेली. मूर्ती समुद्राकडे तोंड करून, अभयमुद्रेत उभी. शेजारी नारळ विकणाऱ्या अम्मांनी आमच्यासमोर शहाळी फोडली आणि सांगितलं की त्या दिवशी त्या माहेरी होत्या म्हणून वाचल्या. त्यांचा नवरा आणि सासू गेली. आम्हाला सुचेना काय बोलावं. त्यांनीच विचारलं, "तुमच्या देशात बुद्धगया आहे ना? तिथे दिवा लावा." महाबोधी विहाराचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ चा आहे आणि त्याने बौद्धांच्या हाती पूर्ण ताबा दिलेला नाही, हे त्यांना सांगायचं आमच्याने झालं नाही. शहाळ्याचे पैसे त्यांनी घेतले, पण एकाचेच. बाकी तीन वेसाकचे, म्हणाल्या.

कोग्गल्यापासून वेलिगामापर्यंत समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे धरणारे कोळी दिसतात. जगभरातल्या पर्यटनाच्या जाहिरातींत तेच असतात. आता त्यातले बरेचसे मासे धरत नाहीत. गाडी थांबली की काठीवर चढतात, फोटो झाला की किनाऱ्यावरचा माणूस पैसे मागतो. आमच्यासोबत थांबलेल्या एका युरोपीय जोडप्याला राग आला. "हे खोटं आहे," असं ते म्हणाले. आम्हाला राग आला नाही. मासळीपेक्षा फोटोला भाव जास्त मिळत असेल, तर काठीवर बसलेल्याने काय करावं? गरिबाने गरिबी खरीखुरी करून दाखवावी, अशी अपेक्षा ठेवणाराच खरा निर्लज्ज.

बेटाचं दक्षिण टोक दोंद्रा. १८९० च्या सुमाराचं उंच, पांढरं, अष्टकोनी दीपगृह. त्याच्यापुढे अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. वेसाकची रात्र होती. दीपगृहाजवळच्या दन्सलीत आम्ही भात खात होतो तेव्हा पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी विचारलं, "भारतात बौद्ध आहेत?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. जिथे धम्म सुरू झाला तिथून तो गेला, इतकंच त्यांनी शाळेत शिकलं होतं. आम्ही मोबाईलवर दीक्षाभूमीचा फोटो दाखवला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाबासाहेबांच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हे भिक्षू होते?" आम्ही म्हणालो, "नाही. वकील होते." आजींना ते फार पटल्यासारखं दिसलं.

या प्रवासातून आम्ही दोन गोष्टी घेऊन आलो. त्या तुमच्यापुढे ठेवतो.

एक : कोणताही देश 'बौद्ध' आहे म्हणून त्याच्यापुढे भाबडेपणाने हात जोडायचे नाहीत, आणि तिथे जात आहे म्हणून आपल्या दीक्षेबद्दल खालीही पाहायचं नाही. धम्म जातीविरुद्ध आहे. पण धम्म घेतलेली माणसं जातीविरुद्ध उभी राहिली तरच तो तसा राहतो. सत्ता आणि जमीन त्याच्याजवळ आली की जात मागच्या दाराने येते. म्हणूनच बाबासाहेबांनी समाजाची सेवा करणारा भिक्षू मागितला, आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. जगातल्या कोणत्याही बौद्ध देशाजवळ त्या प्रतिज्ञा नाहीत. त्या आपल्याकडे आहेत.

दोन : पुढच्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जातून 'पोटजात' हा रकाना काढा. तुमच्या गावातल्या, तुमच्या तालुक्यातल्या. आयोजक ओळखीचेच असतात, त्यांना भेटा, भांडा. ते ऐकणार नसतील तर रकाना मोकळा सोडून अर्ज द्या. स्थळ बौद्धांपुरतंही मर्यादित ठेवू नका. मातंग, चर्मकार, आदिवासी, ओबीसी, मुस्लिम, ज्याला-जिला तुमच्या मुलामुलीने निवडलं त्याला-तिला घरात घ्या.

वेलितरच्या त्या श्रामणेराने जात नाकारणाऱ्या संघासाठी समुद्र ओलांडला. आपल्याला एक रकाना ओलांडायचा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!